दोन युद्धांमधले तेहतीस महिने

१९६२च्या ऑक्टोबरात चौथी ग्रेनेडियर्स ही पलटण नेफातल्या, म्हणजे आजच्या अरुणाचल प्रदेशातल्या, नमका चू नावाच्या ओढ्याकाठी उभी होती. ब्रिगेडियर जॉन दळवी यांच्या सातव्या ब्रिगेडचा ती भाग होती, आणि ही ब्रिगेड चौथ्या डिव्हिजनची. दुसऱ्या महायुद्धात केरेन, अल अलामीन आणि मोंते कॅसिनो इथं नाव कमावलेली, लाल गरुडाचं चिन्ह मिरवणारी ही डिव्हिजन. पण त्या ओढ्याकाठी तिच्या काही पलटणी आल्या होत्या त्या मैदानी मुलखातले सुती गणवेश घालून. माणशी पन्नास काडतुसं, एखादं ब्लँकेट, हातात महायुद्धाच्या जमान्यातली, दर गोळीला खटका मागे ओढावा लागणारी पॉइंट थ्री-नॉट-थ्री रायफल. समोर थगला कड्यावर चिनी सैन्य उंचावर, उबदार कपड्यांत, स्वयंचलित शस्त्रांसह बसलेलं. २० ऑक्टोबरच्या पहाटे ते खाली उतरलं आणि काही तासांत ब्रिगेड मोडली. दळवी कैद झाले. महिनाभरात याच डिव्हिजनची बासष्टावी ब्रिगेड सेला खिंड सोडून मागे फिरली, बोमडिला पडलं, आणि एकेकाळी रोमेलच्या फौजांना तोंड दिलेली डिव्हिजन आसामच्या वाटेवर विखुरली.

तीन वर्षांनी, १९६५च्या सप्टेंबरात, पंजाबातल्या खेमकरणजवळ असल उत्तर या गावाभोवती पाकिस्तानच्या पहिल्या चिलखती डिव्हिजनचे पॅटन रणगाडे उसाच्या शेतांत अडकून जळाले. त्यांना अडवणारी होती चौथी डिव्हिजन. तीच सातवी आणि तीच बासष्टावी ब्रिगेड. आणि जीपवर बसवलेल्या १०६ मिलिमीटरच्या रणगाडाविरोधी तोफेनं एकापाठोपाठ एक रणगाडे टिपत १० सप्टेंबरला धारातीर्थी पडलेले, पुढे परमवीरचक्राचे मानकरी ठरलेले अब्दुल हमीद हे त्याच चौथ्या ग्रेनेडियर्सचे.

जवान शूर होते म्हणून जिंकलो, हे उत्तर मला पुरत नाही. नमका चूवरही ते शूरच होते. रेझांग ला इथं १३ कुमाऊँच्या मेजर शैतानसिंहांची तुकडी जवळजवळ शेवटच्या माणसापर्यंत लढली, तेही १९६२मध्येच. शौर्य दोन्ही वेळा होतं. मधल्या तेहतीस महिन्यांत दिल्लीत, पुण्यात, ओझरला, भंडाऱ्याला जे घडलं ते आपल्या इतिहासलेखनात लढायांच्या वर्णनांखाली दबून राहतं. कारण ते कागदोपत्री काम होतं आणि कागदांना पोवाडे मिळत नाहीत.

आधी १९६२पर्यंत आपण कुठं होतो ते पाहू. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकात संरक्षणावरचा खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या दोन टक्क्यांच्या आगेमागे रेंगाळत होता. १९६१-६२मध्ये तो ३०० कोटी रुपयांच्या थोडा वर होता. गरीब देशाने धरणं बांधायची की तोफा ओतायच्या, हा प्रश्न खोटा नव्हता, आणि नेहरूंनी धरणं निवडली यात अपराध नव्हता. चूक होती ती वेगळीच. चीनच्या सीमेवर ठाणी पुढे सरकवायचं धोरण ठरलं, पण त्या ठाण्यांमागे रस्ता, रसद आणि तोफखाना उभा करायचा हिशेब कुणी मांडला नाही. धोरण दिल्लीच्या नकाशावर धावत होतं, आणि शिधा व काडतुसं मात्र डाकोटा विमानांतून त्सांगधरसारख्या उंच, अरुंद जागी टाकली जात होती. त्यातलं बरंच दरीत जाऊन पडत होतं.

तेव्हाचे संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांच्यावर सगळं खापर फोडायची आपल्याकडे सवय आहे. ती अन्यायाची आहे. जबलपूरचा शक्तिमान ट्रक, बेंगळुरूला तयार होणारं नॅट विमान, मद्रासजवळच्या आवडी इथं बनायच्या रणगाड्याचा करार, मिगची बोलणी यांची सुरुवात त्यांच्याच काळातली. देशात शस्त्रं बनली पाहिजेत हा त्यांचा आग्रह बरोबरच होता. पण त्यांनी सेनापतींशी वैर केलं. १९५९मध्ये लष्करप्रमुख थिमय्यांनी राजीनामा दिला, तो परत घ्यायला लावला गेला, आणि त्यानंतर वरिष्ठ अधिकाऱ्यांमध्ये ‘मंत्र्यांचा माणूस’ आणि ‘मंत्र्यांच्या मनातून उतरलेला’ अशी फूट पडली. चौथ्या डिव्हिजनचंच पाहा. ती अंबाल्यात असताना तिचे प्रमुख जनरल कौल यांनी तिच्या जवानांना हाताशी धरून ‘ऑपरेशन अमर’ या नावाखाली राहती घरं बांधून घेतली. घरं लवकर उठली, शाबासकी मिळाली. मात्र विटा रचण्यात गेलेले सैनिकांचे ते महिने सरावाच्या खात्यातून वजा झाले होते. पुढं १९६२मध्ये तेच कौल त्या आघाडीचे कोअर कमांडर होते.

२१ नोव्हेंबर १९६२ रोजी चीनने एकतर्फी युद्धबंदी जाहीर केली. त्याच दिवशी यशवंतराव चव्हाणांनी संरक्षणमंत्रिपदाची शपथ घेतली. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावल्याचं आपण तेव्हापासून अभिमानाने सांगतो. अभिमान योग्यच आहे, पण त्या वाक्यात एक घाई आहे. धावून गेलेल्या माणसाने तिथं काय केलं हे ते वाक्य सांगत नाही. चव्हाणांना लष्कराचा अनुभव नव्हता. देवराष्ट्र्याचा शेतकऱ्याचा मुलगा, बेचाळीसच्या साताऱ्यातला भूमिगत कार्यकर्ता, सहा वर्षांचा मुख्यमंत्री. त्यांच्याजवळ होतं ते कारभाराचं भान: कुणाचं काम कुणी करायचं, आणि कुणाचं काम आपण करायचं नाही.

त्यांनी पहिली दुरुस्ती माणसांच्या वागण्यात केली. तिन्ही दलांच्या प्रमुखांशी आणि सचिवांशी सकाळची नियमित बैठक सुरू झाली. सैन्य कुठं हलवायचं हे सेनापती ठरवणार, कुठली लढाई करायची आणि त्यासाठी पैसा किती हे मंत्रिमंडळ ठरवणार. बढत्या पुन्हा लष्कराच्या रीतीने होऊ लागल्या. वाचताना हे फार साधं वाटतं. पण ज्या सैन्यात ब्रिगेड कुठं उभी करायची हेही दिल्लीच्या खोलीतून ठरत होतं, त्या सैन्याला हा साधेपणाच हवा होता.

दुसरी दुरुस्ती म्हणजे पराभवाची चौकशी. लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रुक्स आणि व्हिक्टोरिया क्रॉसविजेते ब्रिगेडियर प्रेम भगत यांनी ती केली. २ सप्टेंबर १९६३ रोजी चव्हाणांनी लोकसभेत तिचा सारांश सांगितला. प्रशिक्षण, साधनसामग्री, हुकमाची उतरंड, जवानांची शारीरिक क्षमता आणि अधिकाऱ्यांची नेतृत्वशक्ती या सगळ्यांत उणीव होती हे त्यांनी मान्य केलं. डोंगरात लढण्याचं शिक्षण बहुतेक पलटणींना मिळालेलंच नव्हतं. वाहनं जुनी होती. उंचीवर एकदम नेऊन सोडलेल्या जवानांना तिथल्या विरळ हवेची सवय व्हायला वेळच दिला गेला नव्हता. पूर्ण अहवाल प्रसिद्ध करणार नाही, असंही त्यांनी तेव्हाच सांगितलं. त्या निर्णयाकडे मी शेवटी येतो.

आता पैशाची बाजू, कारण खरी परीक्षा तिथं होती. मोरारजी देसाईंनी २८ फेब्रुवारी १९६३ रोजी मांडलेल्या अंदाजपत्रकात संरक्षणासाठी ८६७ कोटी रुपये होते. दोन वर्षांपूर्वीच्या खर्चाच्या अडीच पटींहून जास्त. हा पैसा आला कुठून? लोकांनी राष्ट्रीय संरक्षण निधीला बांगड्या, अंगठ्या, मंगळसूत्रंसुद्धा दिली हे खरं, आणि ते आठवून आजही ऊर भरून येतो. पण तोफा मुख्यतः करांवर ओतल्या गेल्या. रॉकेलवरचा कर वाढला, म्हणजे खेड्यातला कंदील महागला. सक्तीची बचत योजना आली आणि इतकी टोचली की काही महिन्यांतच तिचा मोठा भाग मागे घ्यावा लागला. जानेवारी १९६३च्या सुवर्ण नियंत्रणाने चौदा कॅरटपेक्षा शुद्ध सोन्याचे नवे दागिने घडवणं बंद केलं आणि गावोगावचे सोनार बसून राहिले. असल उत्तरच्या विजयात त्या सोनारांचाही वाटा आहे. त्यांची नावं कुठल्याही स्मारकावर नाहीत म्हणून इथं लिहून ठेवतो.

यानंतर आली १९६४ ते ६९ची पाच वर्षांची संरक्षण योजना. तोवर लष्कराची खरेदी वर्षावर्षाच्या हिशेबाने चालत असे. मार्च संपला की पैसा संपला, उरला तर परत गेला. शस्त्रांचं असं चालत नाही. कारखाना उभा राहायला तीन वर्षं, तोफेची मागणी नोंदवल्यापासून हातात यायला दोन. चव्हाणांनी पाच वर्षांसाठी सुमारे ५,००० कोटींची योजना मंजूर करून घेतली: सव्वाआठ लाखांचं लष्कर, दहा पर्वतीय डिव्हिजन, ४५ स्क्वाड्रनचं हवाई दल, सीमेवरचे रस्ते, दारूगोळ्याचे नवे कारखाने. या आकड्याचं वजन समजायचं तर बाजूला दुसरा आकडा ठेवावा. देशाच्या संपूर्ण तिसऱ्या पंचवार्षिक योजनेचा सरकारी क्षेत्रातला आराखडा ७,५०० कोटींचा होता.

पर्वतीय डिव्हिजन म्हणजे नुसतं नाव बदललेली पायदळ डिव्हिजन नव्हे. तिची जड वाहनं आणि मोठ्या तोफा काढून घेतल्या गेल्या. त्याऐवजी सुटी करून खेचरांवर लादता येईल अशी हलकी तोफ, उखळी तोफा, बर्फात टिकणारे कपडे आणि चढाची सवय असलेली माणसं दिली गेली. कनिष्ठ अधिकाऱ्यांचा तुटवडा मोठा होता. म्हणून १९६३मध्ये पुणे आणि मद्रास इथं नवी प्रशिक्षण विद्यालयं उघडली, आणीबाणीतल्या नेमणुकांवर शेकडो पदवीधर तरुण थोड्या महिन्यांच्या शिक्षणानंतर पलटणींत गेले. महाविद्यालयांत एनसीसी सक्तीची झाली.

रायफलीची गोष्ट महाराष्ट्राने आवर्जून लक्षात ठेवावी. खडकीत दारूगोळ्याचा कारखाना १८६९पासून. त्याच्याच शेजारी १९५८मध्ये शस्त्रसंशोधनाची संस्था उभी राहिली. तिथल्या अभियंत्यांनी स्वतःहून पुढची गोळी भरणारी ७.६२ मिलिमीटरची भारतीय रायफल आकाराला आणली आणि ती बंगालमधल्या इशापूरच्या कारखान्यात तयार होऊ लागली. पुढची तीसेक वर्षं भारतीय जवानाच्या खांद्यावर तीच होती. नवे दारूगोळा कारखाने सीमेपासून लांब, मध्य भारतात उभारायचं ठरलं आणि त्यातले बरेच आपल्या वाट्याला आले. भंडाऱ्याला स्फोटकं, भुसावळजवळ वरणगावला काडतुसं, नागपूरच्या अंबाझरीला तोफगोळ्यांची कवचं, भद्रावतीजवळ चांद्याला गोळे भरायचं काम. ओझरला मिगचा कारखाना. त्यासाठी जमिनी गेल्या, गावं बदलली, आणि विदर्भ-खानदेशातल्या हजारो घरांत पहिला कायम पगार आला. यातला एकही कारखाना १९६५च्या युद्धात पुरेशा ताकदीने उपयोगी पडू शकला नाही, इतका त्यांना वेळच नव्हता. त्यांचं देणं १९७१मध्ये दिसलं.

बाहेरून काय मिळालं? नासाऊ इथं डिसेंबर १९६२मध्ये अमेरिका आणि ब्रिटन यांनी मिळून १२ कोटी डॉलरची तातडीची मदत ठरवली. ती मुख्यतः डोंगरी युद्धाच्या सामानाची होती. मे १९६४मध्ये चव्हाण अमेरिकेला गेले. पाकिस्तानजवळ एफ-१०४ विमानं होती, तीच आपल्याला हवी होती. अमेरिकेने दिली नाहीत. ते तिथं असतानाच नेहरू गेले आणि दौरा अर्धवट सोडून परतावं लागलं. वर्षअखेरीआधी ते मॉस्कोला जाऊन आले, आणि तिथून मिगचं काम पुढे सरकलं, हलके रणगाडे आले, पुढं पाणबुड्याही. भारतीय सैन्य सोव्हिएत शस्त्रांकडे वळलं ते विचारसरणीच्या ओढीने, असं सांगितलं जातं. मला वाटतं, आधी दुसरीकडची दारं ठोठावून पाहिली गेली होती, हे त्यात सांगायचं राहून जातं.

आणि मग १ सप्टेंबर १९६५. छांबमध्ये पाकिस्तानी रणगाडे अखनूरच्या रोखाने सुटले. लष्करप्रमुख चौधुरी आणि हवाई दलप्रमुख अर्जनसिंग दुपारी चव्हाणांकडे आले. विमानं वापरायची परवानगी हवी होती. १९६२मध्ये लढाऊ विमानं वापरायची की नाही यावर महिनाभर विचार चालला आणि ती वापरली गेलीच नाहीत. चव्हाणांनी काही मिनिटांत हो म्हटलं, मंत्रिमंडळाच्या बैठकीची वाट पाहिली नाही. तासाभरात पठाणकोटहून विमानं उडाली. पण कुठली विमानं? पहिल्या फळीत होती व्हॅम्पायर, महायुद्ध संपताना जन्मलेली, पाकिस्तानच्या सेबर विमानांसमोर न टिकणारी. त्या संध्याकाळी चार पडली. मिग-२१ची देशात एकच स्क्वाड्रन होती आणि तीही अपुरी. निर्णय घेण्याची तयारी झाली होती, विमानांची अजून व्हायची होती.

असल उत्तरची कथाही निर्भेळ नाही. चीनसाठी डोंगरात लढायला बांधलेली चौथी डिव्हिजन पंजाबच्या सपाट मैदानात आणून उभी केली होती, हलक्या तोफांसह. ६ सप्टेंबरच्या तिच्या पहिल्या चढाईत दाणादाण उडाली, काही पलटणी विस्कटल्या. पण या वेळी डिव्हिजन मोडली नाही. ती मागे येऊन नीट ठरवलेल्या जागी घोड्याच्या नालासारखी पसरली. कालव्याचं पाणी शेतांत सोडलं. तिसऱ्या कॅव्हलरीचे सेंच्युरियन आणि डेक्कन हॉर्सचे जुने शर्मन उसात दडवले आणि पॅटनना आत येऊ दिलं. तीन दिवसांत शत्रूचे नव्वदहून जास्त रणगाडे नष्ट झाले किंवा हाती लागले. सामान इथंही तोकडंच होतं. फरक पडला तो हुकूम देणाऱ्या आणि घेणाऱ्यांमधल्या विश्वासात, सरावात, आणि जागेवरच्या सेनापतीला आपली लढाई आपण आखू देण्यात. तेहतीस महिन्यांत एवढंच पुरतं दुरुस्त होण्यासारखं होतं, आणि ते झालं होतं.

जे दुरुस्त झालं नव्हतं ते शेवटच्या दिवसांत उघडं पडलं. युद्धबंदीचा दबाव वाढला तेव्हा पंतप्रधान शास्त्रींनी जनरल चौधुरींना विचारलं, आणखी काही दिवस लढलो तर ठोस विजय मिळेल का? चौधुरींनी सांगितलं की आघाडीचा बहुतेक दारूगोळा संपत आला आहे आणि रणगाड्यांची हानीही मोठी आहे. भारताने युद्धबंदी मान्य केली. नंतर मोजणी झाली तेव्हा कळलं की आघाडीसाठीच्या दारूगोळ्यापैकी सुमारे १४ टक्केच वापरला गेला होता, आणि शिल्लक रणगाडे पाकिस्तानच्या दुप्पट होते. संरक्षण मंत्रालयाच्याच इतिहास विभागाने १९९२मध्ये तयार केलेल्या इतिहासात हे नमूद आहे. चीनचा निर्वाणीचा इशारा, महासत्तांचा रेटा अशी युद्ध थांबवण्याची आणखीही कारणं होती. तरी कोठारात काय आहे हे लष्करप्रमुखाला ठाऊक नसावं, ही गोष्ट नमका चूवरच्या पन्नास काडतुसांइतकीच गंभीर आहे. तिथं काडतूस नव्हतं, इथं ते असूनही त्याची खबर वर पोहोचली नव्हती. ८६७ कोटी खर्च करून शस्त्रं मिळतात. ती कुठं आणि किती आहेत हे सांगणारी चोख हिशेबाची शिस्त वेगळी मिळवावी लागते, आणि तिच्यासाठी अंदाजपत्रकात स्वतंत्र ओळ नसते.

म्हणूनच अहवालाचा प्रश्न मला जुना वाटत नाही. चव्हाणांनी १९६३मध्ये हेंडरसन ब्रुक्स अहवाल लपवला, कारण चिनी सैन्य समोर होतं आणि आपल्या उणिवा त्याला सांगण्यात शहाणपण नव्हतं. त्या वर्षी तो निर्णय योग्य होता. त्यातले सेनापती, मंत्री आणि नोकरशहा आता हयात नाहीत. त्या रायफली, ती विमानं, ते रणगाडे संग्रहालयांत आहेत. २०१४मध्ये त्याचा काही भाग एका परदेशी पत्रकाराने प्रसिद्ध केला, तो जगाने वाचला. तरीही भारत सरकारने तो अधिकृतपणे खुला केलेला नाही. पक्ष बदलले, सरकारं बदलली, उत्तर तेच राहिलं. आज संरक्षणावर आपण दरवर्षी लाखो कोटी रुपये खर्च करतो. तो पैसा जवानाच्या हातात कसा पोहोचतो आणि वाटेत कुठं अडतो, हे शिकायचं तर आपल्याच पराभवाची आपणच केलेली चौकशी संरक्षण प्रबोधिनीतल्या कॅडेटला, संसदेतल्या सभासदाला आणि कर भरणाऱ्या नागरिकाला वाचता आली पाहिजे. सरकारने हा अहवाल पूर्ण प्रसिद्ध करावा, आणि तशी मागणी महाराष्ट्राच्या खासदारांनी पुढाकार घेऊन संसदेत करावी.